सोजरआत्याचं गाणं बँडवर

कॉम्प्युटरच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं नाही! बुऱ्हाणपुरात कोणाचा प्रिंटर अडला, कोणाचा पासवर्ड हरवला, की माणसं कॉलेजच्या ऑफिसात माझंच टेबल शोधत येतात. म्हणूनच मुलाच्या लग्नात सोजरआत्याचं गाणं बँडवर वाजवायची गोष्ट निघाली, तेव्हा मी सगळ्यांसमोर छाती ठोकून म्हणालो, "माझ्यावर सोडा!"

सोजरआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, जसोंडी गावची. नवरदेव घोडीवर बसला की ती आपल्या आईकडून आलेलं एक गाणं म्हणते. आमच्या घरातलं एकही लग्न त्या गाण्याशिवाय झालेलं नाही. पण दिवाळीत तिचा गळा बसला तो बसलाच, आणि इलाजासाठी ती आमच्याकडे राहायला आली.

"गजा, बँडवर तरी वाजीन का रे माह्यं गाणं?" तिनं घोगऱ्या आवाजात विचारलं आणि डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं.

"वाजणार म्हणजे वाजणार! आणि तू बोलू नकोस, डॉक्टरांनी मना केलंय!"

माझ्या मोबाइलमध्ये गाण्याचं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं, थोरल्या मुलीच्या लग्नात आमच्या अंगणात केलेलं. बँडमास्तर मोतीलालचे वडील पोलीस बँडात होते, त्यामुळे तो इंग्रजी नोटेशन कागदावरून वाचून क्लॅरिनेट वाजवतो.

"साहब, एक बार गाना सुनवा दो," तो म्हणाला.

"ऐकायचं कशाला? छापील नोटेशन देतो!"

आता गाण्याच्या फाइलमधून नोटेशन काढणारं सॉफ्टवेअर शोधायचं होतं. पहिलं सापडलं, त्याच्या किमतीत घोडी विकत आली असती! दुसरं दर महिन्याला डॉलर मागत होतं. तिसरं फुकट होतं, पण एका ईमेलवर फक्त तीस सेकंद! मी गाण्याचे आठ तुकडे केले आणि आठ ईमेल गोळा करायला निघालो. माझा, माझ्या बायकोचा, शोभाचा, दोन्ही पोरांचे, साडूचा, मेहुण्याचा, साडूच्या मुलाचा. सात झाले. आठवा मी होणाऱ्या सुनेकडे मागितला.

"बेटा, ईमेल दे, आणि ओटीपी आला की लगेच सांग!"

दहा मिनिटांत व्याह्यांचा फोन! "साहेब, लग्नाआधीच मुलीचा ओटीपी?"

"अहो, संगीतासाठी!"

"आमच्या घरात अजून कोणी संगीतासाठी ओटीपी मागितला नाही!"

शोभानं फोन हातातून घेतला आणि लग्न वाचवलं. तोवर सुनेचा ओटीपी आलाही होता आणि माझे आठही तुकडे नोटेशनमध्ये उतरले होते. अकरा पानं! मला नोटेशनमधलं ओ की ठो कळत नाही, पण पानं इतकी काळी झाली होती, की गाणं भारीच असणार याची खात्री पटली. आत्या शेजारच्या खाटेवरून काहीतरी खुणा करत होती. मी म्हटलं, "आराम कर, झालंच!"

मोतीलालनं पानं पाहून कपाळाला हात लावला. "बहुत कठिन है, साहब. पर कागज में जो लिक्खा है, वही बजेगा."

लग्नाच्या दिवशी नवरदेव घोडीवर बसला. आत्या नवं लुगडं नेसून खुर्चीत सरसावून बसली. मी मोतीलालला इशारा केला.

खट खटाक! खट खटाक! ट्रम्पेट, ढोल, क्लॅरिनेट, सगळे मिळून खट खटाक! घोडी दोन पावलं मागं सरकली. नवरदेवानं तिची मान धरली. आत्या माझ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात शेजारचा गिरधर हात वर करून पुढं आला. "दादा! ये तो मेरा चार नंबर का लूम है! सुनो, सुनो, अब धोटा अटकेगा... ये अटका!"

आणि खरंच, मागाचा धोटा धाग्यात अडकावा तसा अख्खा बँड क्षणभर थांबला आणि पुन्हा खट खटाक!

गिरधरचे चार पावरलूम आमच्या अंगणाच्या भिंतीपलीकडं दिवसभर चालतात. इतकी वर्षं झाली, आम्हाला ते ऐकूच येत नाहीत. सॉफ्टवेअरला तेवढेच ऐकू आले! पण गल्लीतले सगळे लूमवाले असे नाचायला लागले, की वरात जागची हलेना. अकरा पानं संपेपर्यंत ते नाचले.

मी मात्र आत्याकडे बघू शकत नव्हतो. तिचा चेहरा एवढुसा झाला होता. माझ्या फुशारकीपायी एका म्हातारीची एवढीशी हौस गेली, याची मला मनापासून लाज वाटली.

आत्या उठली. काठी टेकत मोतीलालपाशी गेली, त्याचं डोकं खाली ओढलं आणि त्याच्या कानात गुणगुणायला लागली. मोतीलालनं डोळे मिटले. एक ओळ ऐकली, क्लॅरिनेटवर फिरवून पाहिली. दुसरी ऐकली. तिसरीला ढोल लागला, आणि आत्याचं गाणं, अगदी तिच्या हेलासकट, गल्लीत वाजायला लागलं! बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. शोभा रडली, मी रडलो. आत्या तेवढी हसत होती.

मी तिच्या पाया पडलो. "आत्या, तुला गुणगुणता येतं?"

"गुणगुणाले कुठं गळा लागते?" ती म्हणाली. "दीड महिना तुह्या बाजूले बसून सांगू राह्यली व्हती. तू बोलू देशीन तवा ना!"

"द्या आता उत्तर," शोभा म्हणाली.

बँडवाल्यांना सरबत मिळालं की नाही, हे बघायला मी तातडीनं निघून गेलो.