न येण्याचं खरं कारण

दुग्नादची सूचना लिहून दे, म्हणून सोल्फ्रिदबाईंनी कोरा कागद पुढे केला, तेव्हा प्रोफेसर आयविंद क्वामे भलतेच खूश झाले. विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवणारे गृहस्थ. डॉक्टरांनी रुग्णाला काय सांगावं, इंजिनिअरांनी पुलाबद्दल काय लपवू नये, यावर सल्ले देता देता त्यांचे केस पांढरे झाले होते. स्वतःच्या बिल्डिंगने मात्र आजवर त्यांना जिना झाडायची पाळी सोडून काही विचारलं नव्हतं.

दुग्नाद म्हणजे सतरा मेच्या, नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनाच्या, आधीचा तो शनिवार. सगळ्या बिऱ्हाडांनी खाली उतरायचं, अंगण साफ करायचं, कुंपण रंगवायचं आणि शेवटी वाफल खात एकमेकांच्या कामाची तारीफ करायची. गेल्या वर्षी चोवीस बिऱ्हाडांपैकी नऊ उतरली. उरलेल्या पंधरांपैकी सहा जणांच्या पाठीत नेमकी त्याच सकाळी कळ आली, पाच डोंगरातल्या केबिनवर गेली, आणि चार पडदे ओढून घरातच श्वास रोखून बसली. यंदा बाराही भरली नाहीत तर काम एखाद्या कंपनीला देऊन दुग्नाद कायमचा बंद, असा ठराव झाला होता. चाळीस वर्षं तो ओढत आणणाऱ्या सोल्फ्रिदबाईंची त्या दिवसापासून झोप उडाली होती.

"लोकांना जरा लाज वाटेल असं लिही," बाई म्हणाल्या.

ते प्रोफेसरांच्या तत्त्वात बसेना. दबावाखाली केलेलं चांगलं काम चांगलं नव्हेच, हे ते सव्वीस वर्षं शिकवत होते. त्यांनी लिहिलं: कुणीही भिडेखातर येऊ नये, मनापासून वाटलं तरच यावं. येणार नसाल तर खाली खरं कारण लिहावं.

लिफ्टशेजारी लागलेला तो कागद बाईंनी दोनदा वाचला आणि जिन्याने वर गेल्या.

दोन दिवस कागद कोराच होता. मग तिसऱ्या मजल्यावरच्या यूरुनने लिहिलं, मला कंटाळा येतो. इतकं सरळ वाक्य त्या बिल्डिंगमध्ये कुणी लिहिलं नव्हतं. प्रोफेसर हरखले, वर्गातही त्यांनी ते उदाहरण म्हणून सांगितलं. पण आता सगळ्यांचीच भीड चेपली. दंतवैद्य गुडमुंडने लिहिलं, पाला ओढायचं चांगलं दाताळं दरवर्षी यूरुन पळवते. यूरुनने खाली लिहिलं, दाताळं चालवायला वाकावं लागतं, गुडमुंड नऊ वर्षं रंगाचा डबा धरून नुसता उभा असतो. तळमजल्याने वाफलचं पीठ पातळ असल्याचं नोंदवलं. शुक्रवारपर्यंत कागदाला तीन पुरवण्या लागल्या. न येण्याची कारणं तेवीस, येणाऱ्यांत नाव एकच: सोल्फ्रिद.

तेविसावं कारण प्रोफेसरांचं होतं. खरं लिहायचं म्हटल्यावर त्यांना लिहावंच लागलं, की त्यांनाही यावंसं वाटत नाही, आणि गेल्या वर्षी पडदे ओढून बसलेल्यांत ते स्वतः होते. संध्याकाळी ते बाईंच्या दारात उभे राहिले.

"माझ्यामुळे दुग्नाद बुडाला."

"बुडालाच," बाई म्हणाल्या. "उद्या दाताळी किती काढू, एक की दोन?"

"दोन," प्रोफेसर पुटपुटले.

शनिवारी दहा वाजता भुरभुर पावसात दोघंच. सव्वादहाला गुडमुंड उतरला. कामाला नव्हे, आपल्याला वाकता येतं हे दाखवायला. तो खरंच वाकतो का, हे बघायला यूरुन आली. तळमजल्यावरच्यांनी दाट पिठाचं पातेलं आणलं. ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं ते खोडून काढायला आले, ज्यांनी लिहिलं होतं ते आपल्या शब्दांची राखण करायला. भांडताना हात मोकळे कशाला, म्हणून जो तो काहीतरी उचलत होता. दुपारी प्रोफेसरांनी मोजलं तर एकवीस बिऱ्हाडं भरली, आणि कुंपण दोन्ही बाजूंनी रंगलेलं.

"बघितलंत?" वाफल खाताना ते म्हणाले. "कुणाला लाजवलं नाही, तरी आले."

"माझं कारण तू विचारलंच नाहीस."

"तुम्ही तर येताच की."

"मला हे काम पहिल्या वर्षापासून आवडत नाही. लोक काय म्हणतील, म्हणून चाळीस वर्षं उतरतेय."

प्रोफेसरांच्या शास्त्राप्रमाणे बाईंच्या चाळीस वर्षांची बेरीज शून्य येत होती.

"मग बंदच करायचा का?" त्यांनी हळूच विचारलं.

"वेडा आहेस का? आज पहिल्यांदा मजा आली. सप्टेंबरात आणखी एक ठेवू."

प्रोफेसरांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की त्यांना स्वतःला मात्र अजिबात मजा आली नव्हती.

"असू दे," बाई म्हणाल्या. "सप्टेंबरातही खाली येऊन सांग."