नवाब असं करणार न्हाई

प्राचार्य किशनरावांच्या केबिनचं मैदानाकडचं काचेचं दार रात्रीतून फुटलं आणि ते कुणी फोडलं हे सरांनी सकाळचा चहा संपायच्या आत ठरवूनही टाकलं. आदल्या दिवशी गोपाळ आणि सिद्धोधन ही बीएची दोन पोरं, लायब्ररी संध्याकाळी उघडी ठेवा म्हणून, त्याच दारापुढं ठिय्या देऊन बसली होती. मग आणखी शोधायचं काय? सरांनी पोलिसांत अर्ज देऊन टाकला.

गोपाळचं तर सगळंच पणाला लागलं. पोलीस भरतीत तो मैदानीत पास झाला होता, लेखीतही झाला होता. राहिली होती ती फक्त चारित्र्य पडताळणी. आता गुन्हा नोंदला गेला तर पहाटे उठून ताडकळसच्या रस्त्यानं इतकी वर्षं पळालेलं सगळं पाण्यात.

दोघं पूर्णेला राजेश्रीताईंकडं गेले. ताईंनी वकिली नुकतीच सुरू केली होती आणि अजून एकही पक्षकार आला नसल्यानं त्यांच्याकडं वेळ भरपूर होता. त्या लगेच स्कूटी काढून कॉलेजात आल्या. काच मांडीच्या उंचीवर फुटली होती, आत दगडाचा पत्ता नव्हता आणि चौकटीत काळ्या लोकरीचा झुबका अडकला होता.

"सर, त्या रात्री मैदानात कोण होतं?" ताईंनी विचारलं.

"कोणीच न्हाई. म्हणजे, मेंढरं होती. झाडांना खत पाहिजे म्हणून मीच बसवली होती."

"कुणाची मेंढरं?"

सरांनी गोपाळकडं बघितलं. गोपाळनं खाली बघितलं. मेंढरं त्याच्याच आईची होती.

घ्या! म्हणजे पोराला सोडवायचं तर घरातलाच दुसरा आरोपी उभा करायचा. ताई गोपाळच्या आईला, म्हाळसाबाईंना, भेटल्या. "मावशी, तुमच्या मेंढ्यानं काचेत स्वतःलाच बघितलं असंल. दुसरा मेंढा समजून धडक दिली असंल."

"कोण, नवाब?" म्हाळसाबाईंना हे लय लागलं. आई मेलेल्या त्या कोकराला त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. "नवाब असं करणार न्हाई."

"मग गोपाळनं फोडली का?"

म्हाळसाबाईंनी पोराला नीट न्याहाळून घेतलं. "त्याचं काय सांगता येतंय? बारका होता तवा लय माठ फोडलेत त्यानं."

"आये, मी तुझा पोरगा हाय," गोपाळ म्हणाला.

"म्हणूनच म्हणायले."

शेवटी प्रयोग करून बघायचं ठरलं. कॉलेजच्या तपासणीला कमिटी यायची होती म्हणून सरांनी तोवर नवी काच बसवूनही घेतली होती. "आणा तुमचा मेंढा," ते म्हणाले. "ही काच डबल जाडीची हाय." ठाण्याचे जमादार खुर्ची टाकून बसले. अख्खं कॉलेज गोळा झालं. एरवी तासाला एवढी हजेरी कधी नसते.

नवाबानं काचेतला शिंगाळा मेंढा बघितला आणि निवांत रवंथ करायला लागला. म्हाळसाबाई त्याच्या गळ्याखाली खाजवत होत्या. "बघा, म्हणलं नव्हतं?"

"बरं झालं," जमादार उठले. "म्हणजे पोरांनीच फोडली. चल गोपाळ, ठाण्याला."

गोपाळ आईकडं बघत राहिला. म्हाळसाबाईंचा हात थांबला. त्या नवाबाच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या, दोर सोडला आणि बाजूला झाल्या.

नवाब मागं सरला. आणखी मागं सरला. डबल जाडीची काच डबल आवाज करून फुटली.

जमादारांनी अर्ज परत केला. किशनरावांनी दोन्ही पोरांची माफी मागितली आणि लायब्ररी रात्री आठपर्यंत उघडी ठेवायचंही कबूल केलं. नवाब अजून मोकळाच होता.

त्याच संध्याकाळी म्हाळसाबाई टेम्पोतून नवाबाला घेऊन ताईंच्या दारात हजर. "बाई, तुमी माझं लेकरू वाचवलं. तुमचे उपकार फिटायचे न्हाईत. माझ्यापाशी याच्याहून मोठं काईच न्हाई." दोर देण्याआधी त्यांनी नवाबाच्या गळ्याखाली एकदा खाजवून घेतलं. इतक्या मायेनं दिलेलं नको म्हणायचं तरी कसं? ताईंनी डोळे पुसत दोर घेतला.

दीडेक वर्षानं गोपाळ वर्दीत, पेढे घेऊन आला आणि ताईंच्या पाया पडला. "ताई, अंगावर ही वर्दी हाय ती तुमच्यामुळं. जलमभर इसरणार न्हाई." ताईंना भरून आलं. पेढा खाऊन झाला, पाणी पिऊन झालं, तरी गोपाळ दारातच घुटमळत राहिला.

"आणखी काय रे?"

"शेजारच्या मोबाइलच्या दुकानाची काच फुटलीय. त्यांनी तुमच्यावर अर्ज दिलाय. सायबानं चौकशीला मलाच धाडलंय."

ताईंनी अंगणात बघितलं. नवाब निवांत रवंथ करत होता. गळ्यात दोराचा तुकडा लोंबत होता.

"आयेला फोन केलता," गोपाळ म्हणाला. "ती म्हणायली, नवाब असं करणार न्हाई." त्यानं घसा खाकरला आणि खिशातून पेन काढलं. "ताई, तुमच्या गल्लीत कॉलेजची पोरं कोण कोण राहतेत?"