सोंगांची खोली

लोकशाहीत कलेला फार मान असतो. कलावंताने तो उभ्याने, उन्हात, प्रमुख पाहुणे येईपर्यंत घ्यायचा असतो.

राजूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावचे सूर्यभानबाबा या मानाचे जुने मानकरी. गावच्या बोहाड्यात देवादिकांची सोंगे नाचतात, त्यातले गणपतीचे सोंग त्यांच्या घराण्याकडे. मुखवटा आज्याच्या हातचा, कागदाच्या लगद्याचा. इतर एकतीस मुखवट्यांबरोबर तो शाळेच्या गळक्या पडवीत राहतो. मागच्या पावसाळ्यात त्याचा डावा कान उंदराने खाल्ला. (वाहनच ते; घरातला मामला म्हणून कोणी बोलले नाही.) आणखी दोन पावसाळे असेच गेले, तर देवाचा पुन्हा लगदा होणार हे बाबांना दिसत होते.

म्हणून मागणी एकच : सोंगांसाठी दहा बाय बाराची खोली, वर पत्रा. ती इतकी लहान होती, की कुठल्याच योजनेत बसेना.

बाबा अर्ज घेऊन तालुक्याला, अकोले येथे, लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात गेले. साहेबांचे पीए अमृतराव कळवळ्याने म्हणाले, "बाबा, कागद कोण वाचतं? कला दाखवा. कला बघितली की साहेब विरघळतात."

मग बाबांनी कला दाखवली. सभामंडपाचे भूमिपूजन, त्याच सभामंडपाचे दुसऱ्यांदा भूमिपूजन, पेट्रोल पंपाचा शुभारंभ, साहेबांच्या पुतण्याची वरात (समारंभ खासगी, भावना सार्वजनिक). दोन वर्षांत सतरा कार्यक्रम, सतरा नारळ, सतरा शाली. बोलायची संधी शून्य. विरघळण्यात मुखवटा साहेबांच्या बराच पुढे होता. यंदा तर गावचा बोहाडाच पुढे ढकलावा लागला, कारण सोंगे बोहाडा वाचवायला बाहेरगावी गेली होती.

इथे गावचा एक नियम सांगायला हवा. सोंग एकदा चढवले, की नाच संपवून ते जागेवर ठेवीपर्यंत आतला माणूस बोलत नाही. त्या वेळी तोंड देवाचे असते.

अठरावा कार्यक्रम भंडारदऱ्याच्या पर्यटन महोत्सवात झाला. नाच ऐन रंगात असताना साहेब स्वतः मंचावरून उतरले, त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात टाकला, कॅमेरे गोळा झाले.

"बोला बाबा, काय पाहिजे ते आज मागा. नाही म्हणणार नाही."

दोन वर्षे घोकलेले वाक्य मुखवट्याच्या आत ओठांवर आले. घाम आला, डोळ्यांत पाणीही आले. शब्द आला नाही. एककानी गणपती साहेबांपुढे गप्प उभा राहिला. साहेबांनी तब्बल आठ सेकंद वाट पाहिली (तालुक्यात हा उच्चांक समजला जातो) आणि माईक घेतला. "बघा, माग म्हटलं तरी मागत नाही. याला म्हणतात कलावंत!"

इतिवृत्तात नोंद झाली : कलावंतांची कोणतीही मागणी प्रलंबित नाही.

घरी केशरबाईंनी नवऱ्याला भाकरी वाढली आणि मग विचारले, "दोन मिन्टं सोंग काढलं आस्तं, तर काय बिघडलं आस्तं?"

"नाच मोडून? देवाच्या तोंडानं पत्रा मागू व्हय?" बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आन् काढलं आस्तं, तर त्येंनी मला वळखलं आस्तं का?"

यानंतर मात्र शासन हलले नाही असे कोणी म्हणू नये. आठवड्यात गावच्या चौकात वीस बाय दहाचा फ्लेक्स लागला, 'आम्ही कलावंतांच्या पाठीशी'. पुढे साहेब, पाठीशी गणपती. त्याचा खाल्लेला कान संगणकावर पूर्ण करून दिला होता. बाबांनी फ्लेक्सची लांबीरुंदी हाताने मोजली. लांबलेला बोहाडा झाल्यावर तो सोडवून पडवीवर चढवला, साहेबांचे तोंड वर करून आवळून बांधला. पाऊस साहेबांवर पडतो, सोंगे कोरडी राहतात. कार्यालयाच्या फायलीत शेरा आहे : छताची व्यवस्था झाली.

महोत्सवातला तो व्हिडिओ गावोगाव फिरला. आपणही पाहिला असेल. लाल बदाम पाठवून खाली 'ही कला जपली पाहिजे' असे लिहिलेही असेल. तशा सूचना तीन हजार चारशे बारा आल्या. बाबांनी त्या रेश्माकडून, म्हणजे सुनेकडून, शेवटपर्यंत वाचून घेतल्या. कोणी जपायची, तेवढे कुठे सापडले नाही.

फ्लेक्स दोन पावसाळे टिकतो म्हणतात. फाटला, की तोही व्हिडिओ येईल. बदाम तयार ठेवावा.