उडी उशिरा येते

चौबळकाका कुणाच्याही घरी गेले की आधी टीव्हीच्या मागे जातात. पाणीबिणी नंतर. आम्ही बाळकुमला राहायला आलो तेव्हा वरच्या मजल्यावरचे शेजारी म्हणून त्यांना वास्तुशांतीला बोलावलं होतं. प्रसादाचा द्रोण हातात घेऊन ते थेट गुडघ्यांवर बसले आणि मान वाकडी करून टीव्ही आणि भिंतीमधल्या फटीत बघू लागले. आईला वाटलं, नमस्कार करतायत. पण देव समोरच्या भिंतीला होता. मग कपाळाला हात न लावताच ते उठले आणि मला म्हणाले, "याला पिवळं भोक नाहीये." आमची ओळख त्यानंतर झाली.

त्यांचं तत्त्वच आहे, माणूस पुढून बघावा आणि मॉनिटर पाठीमागून.

काकांकडे तीसेक वर्षांपूर्वीचा व्हिडिओ गेम आहे. कॅसेट खोचायची, नाही चालली तर तिच्यात फुंकर मारून पुन्हा खोचायची, त्या जातीचा. त्याच्या मागून लाल, पांढरी, पिवळी अशा तीन वायरी निघतात. हल्लीच्या मॉनिटरला तशी भोकंच नसतात, एक चपटी खाच असते. या दोघांचं जमवायला मध्ये एक डबी लागते. अशा अठरा डब्या काकांनी जमवल्यात आणि प्रत्येकीवर तिचा दोष चिकटपट्टीवर लिहून ठेवलाय. 'रंग फिका.' 'चित्र आहे, आवाज नाही.' एकीवर नुसतंच 'लबाड' असं लिहिलंय. काकूंना वाटाण्याच्या डब्यात यातली एक सापडली, तेव्हापासून त्या काकांना स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत.

गेममध्ये एक ससा पळतो आणि वाटेत खड्डे येतात. बटण दाबलं की सशाने उडी मारायची, एवढाच खेळ. रुंद मॉनिटरवर तो ससा ताणला जाऊन डुकरासारखा दिसायचा. आठवडाभर खटपट करून काकांनी त्याला पुन्हा सशाच्या मापात आणला. कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता.

पण काकांचं म्हणणं, उडी उशिरा येते. बटण आत्ता दाबलं तर ससा जरा वेळाने उडतो, कारण डबी जुन्या चित्राचं नव्यात भाषांतर करते आणि भाषांतराला वेळ लागतो. मला तो उशीर कधीच दिसला नाही. काकांना मात्र तो सगळीकडे दिसायला लागला. लिफ्टचं बटण दाबून ते आकडे मोजतात. सोसायटीच्या सेक्रेटरीला भर सभेत म्हणाले, तुमच्यात फार उशीर आहे. मी एकदा गुड मॉर्निंगला जरा थांबून उत्तर दिलं तर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी पण डबी बदलायला हवी."

हे मला लागलं. कारण तेव्हाच मी घरून कामासाठी नवा मॉनिटर घेतला होता आणि त्याच्या वेगाबद्दल भेटेल त्याला ऐकवत होतो. मी काकांना म्हटलं, माझ्या मॉनिटरवर उशीर दाखवा, मिशी काढून देतो. काका खाली आले, मॉनिटरच्या पाठीमागे बराच वेळ घालवला आणि हळूच विचारलं, "रविवारी नौपाड्यात नेऊ या का हा?"

रिक्षात चादरीत गुंडाळलेला मॉनिटर मांडीवर घेऊन मी बसलो आणि गेम घेऊन काका. माजिवड्याच्या सिग्नलला त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. नौपाड्यात त्यांची आक्का राहते. आईवडील लवकर गेले, काकांना तिनेच वाढवलं. पालिकेच्या शाळेत गणित शिकवायची. हा गेम तिने दिगूसाठी, म्हणजे काकांसाठी आणला आणि चार दिवसांत दिगूपेक्षा भारी खेळायला लागली. जुना टीव्ही बंद पडेपर्यंत दर रविवारी दोघं खेळायचे. नव्यावर मात्र ती तिसऱ्याच खड्ड्यात पडते. मागे एकदा गेमचा रिमोट खाली ठेवून म्हणाली होती, "हात गेला रे माझा." त्यानंतर तिने रिमोटला हात लावला नव्हता.

"हात नाही गेलेला तिचा," काका म्हणाले. "डबी उशीर करते. मला तिला तेवढंच दाखवायचंय."

आक्का पंचाहत्तरीच्या, ताठ, जाड चष्म्याच्या. काकांनी नुकतीच आणलेली, अजून चिकटपट्टी न लागलेली अठरावी डबी लावली, फुंकर मारून कॅसेट खोचली आणि आधी स्वतः बटण दाबलं. ससा टुणकन उडाला. पुन्हा दाबलं, पुन्हा त्याच क्षणी उडाला. मलासुद्धा फरक कळला. काकांचं तोंड लाडू मिळाल्यासारखं झालं. "आक्का, उशीर गेला," ते म्हणाले आणि रिमोट आक्कांच्या हातात दिला.

पहिला खड्डा गेला. दुसरा गेला. तिसऱ्यात ससा पडला. पुन्हा तिसऱ्यातच. तिसऱ्या वेळी मी पडद्याऐवजी आक्कांच्या अंगठ्याकडे बघत होतो. खड्डा येऊन गेल्यावर तो बटणावर टेकला.

काकाही तिकडेच बघत होते. आक्कांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि अंगठा दुसऱ्या हाताने चोळला. मला वाटलं, इथून पळून जावं.

"याच्यात पण उशीर आहे," काका म्हणाले. "फालतू मॉनिटर आहे. मंदार, तुला फसवलंय."

एरवी त्या मॉनिटरबद्दल कुणी असं बोललं असतं तर मी भांडलो असतो. मी म्हटलं, "हो ना काका. घरी पण असाच त्रास देतो."

आक्कांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. जन्मभर वर्गात मुलांच्या सबबी ऐकलेली बाई ती. मग चष्मा सारखा करून म्हणाल्या, "बरं. पुढच्या रविवारी दुसरा आण, दिगू. आणि तू पण ये रे."

परत बाळकुमला आल्यावर काकांनी खिशातून चिकटपट्टी काढून अठराव्या डबीवर लिहिलं, 'उशीर.'

परवा आमच्या ऑफिसात नवा मॉनिटर आला. सगळे पुढून बघत होते. मी मागे जाऊन गुडघ्यांवर बसलो.