थोरियम आलं की बघू

मी पदवीधर झालो तो सदानंद बिवलकरकाकांमुळे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. काकांनी मुंबईत, चारकोपच्या आपल्या दोन खोल्यांत मला कॉलेजभर फुकट ठेवलं आणि स्वतः रांधून जेवू घातलं. दुपारचं जेवण केव्हा मिळेल हे मात्र सूर्य ठरवायचा.

कारण काका गॅस वापरत नसत. तो परदेशातून येतो. "जहाज अडलं की तुझी डाळ अडली," म्हणत ते गच्चीवर सोलर कुकर मांडत. ढग आले की आम्ही राष्ट्रहितासाठी चुरमुरे खायचो.

तेल बाहेरचं, वायू बाहेरचा, अणुभट्टीचं युरेनियमसुद्धा बरंचसं बाहेरचं. यावर काकांचा एकच तोडगा: थोरियम. ते आपल्याच किनाऱ्याच्या वाळूत आहे. त्यावर भट्ट्या चालू झाल्या की देश कुणाचा मिंधा नाही. त्यामुळे गळका नळ असो की डोळ्यातला मोतीबिंदू, उत्तर ठरलेलं: "थोरियम आलं की बघू." त्यांचं लग्नही बहुधा असंच राहून गेलं.

शेजारचे परब मालवणकडचे आणि काकांचे कट्टर विरोधक. रोज संध्याकाळी जिन्यात दोघांची जुंपायची. परबांच्या मते थोरियम म्हणजे ओलं लाकूड. आपलं आपण पेटत नाही, आधी दुसरं इंधन लागतं. वर म्हणायचे, "भट्टी बांधूचीच आसात तर हयसर चारकोपात बांधा. आमच्या आंब्याच्या कलमांखाली कित्याक?" यावर काका त्यांना विकला गेलेला माणूस म्हणायचे. कुणाला, ते ठरायचं होतं.

मग मला नोकरी लागली. परदेशातून जहाजानं गॅस आणणाऱ्या कंपनीत.

गावी आईनं पेढे वाटले. इथे मी आठवडाभर गप्प. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं, आणि काकांना तोडणं तर त्याहून नाही. शेवटी सांगितलं. त्या संध्याकाळी काका भांडायलाही बाहेर पडले नाहीत. परब दोनदा येऊन तब्येतीची चौकशी करून गेले.

रुजू व्हायच्या दिवशी भल्या सकाळी निघायचं होतं. ऊन कुठलं? उपाशीच जाणार होतो. तेवढ्यात काका परबांच्या दारातून बाहेर आले. हातात कढई, कढईत वाफाळता शिरा. परबांकडे पाइपचा गॅस आहे.

"खा," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी रिकाम्या पोटी जाऊ नये."

मागे दारात परब उभे होते. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, पण त्यांनी फक्त मला चमचा आणून दिला.

कंपनीनं मला बंदरावर पाठवलं. काकांकडे मोबाइल नाही. तो कुठून येतो ते त्यांना ठाऊक आहे. म्हणून पत्र टाकलं:

"ती. काकांस सा. न. पहिलं जहाज पाहिलं. कुठून आलं ते लिहीत नाही, तुम्हाला जेवण जाणार नाही. इथे साहेब चांगले आहेत आणि माझं म्हणणं कुणीही खोडून काढत नाही. अजिबात करमत नाही. रविवारी येतो. तोवर परबांशी सगळं भांडून संपवू नका. माझ्यासाठी थोडं ठेवा."