फ्राऊ केलरच्या स्वयंपाकघरातला खटला

देवधर कादंबरी वाचायला बसला की काळा कोट घालायचा. वडील साताऱ्यात वकील. हा इंजिनियर झाला, तरी वकिली अंगात मुरलेली. "पुस्तकाची बाजू कोणीतरी घ्यायला हवी ना!" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघं जर्मनीत झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात शिकाऊ होतो आणि शेजारच्या ब्योब्लिंगेनला फ्राऊ केलर या विधवा बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर राहत होतो. एका शनिवारी गादी झटकताना बाईंना देवधरची फ्रेंच कादंबरी सापडली. जर्मन भाषांतर. नवऱ्याला कंटाळलेल्या एका बाईच्या भानगडींची गोष्ट. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये लोकांची नीती बिघडवते म्हणून लेखकाला कोर्टात उभं केलं होतं. बाईंनी ती कोळशाच्या चिमट्यात धरून आणली.

"हे घराबाहेर जाईल, नाहीतर तुम्ही!"

आम्हा सावळ्या पोरांना दुसरी खोली कोण देणार? मी म्हटलं, "दे ना टाकून!"

"न वाचता शिक्षा? वा रे वा!" देवधर कोट चढवून थेट स्वयंपाकघरात गेला. "फ्राऊ केलर, न्यायाधीशांनी लेखकाला सोडलं होतं. तुम्हीही ऐका. नाही पटलं तर मीच बॅग भरतो."

बाई ओठ घट्ट मिटून बटाटे सोलायला बसल्या. रोज संध्याकाळी देवधर आपल्या सातारी जर्मनमध्ये वाचायचा. नाजूक जागा आली की थांबून विचारायचा, "हरकत?"

"आल्झो, बरं, वाचा की पुढे!" बाई खेकसायच्या.

शेवटाकडे त्यांची सुरी थांबली. कादंबरीतली ती बाई मेली तेव्हा त्यांनी ॲप्रनला डोळे पुसले. "गावात एक तरी मैत्रीण हवी होती हो तिला!" मग ताडकन उठून म्हणाल्या, "निर्दोष!" आणि पुस्तक बायबलशेजारी ठेवून दिलं. पुढे चर्चमधल्या एका बाईनं नाक मुरडलं, तर तिलाच सुनावलं, "आधी वाचा, मग बोला!"

निकालाच्या संध्याकाळी मी वर जाऊन देवधरची पाठ थोपटली. "जिंकलास! पण केवढा वेळ लावलास रे!"

"मुद्दाम सावकाश वाचत होतो," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "तू सोडलास तर इथं आल्यापासून संध्याकाळी माझ्याजवळ कोणी बसलंच नव्हतं."

तेवढ्यात खालून बाईंची हाक आली, "हेर्र देवधर! उद्या काय वाचायचं?"

जिना धडाधड उतरताना, गडबडीत तो मराठीतच ओरडला, "आलो, काकू!"