स्वामी डॉक्टर आणि बिजलीची टाच

चाकूरचे आमचे स्वामी डॉक्टर कुत्र्याची सोनोग्राफी करण्याआधी स्वतःची करतात. स्टुलावर पाय ठेवायचा, पॅन्ट दुमडायची, टाचेच्या वर गार जेल फासायचं आणि मशीनचा दांडा फिरवत कुत्र्याला म्हणायचं, "बघ, मी वरडलो का? न्हाई ना? मग तू बी वरडायचं न्हाई."

कुत्रं खरंच गप्प राहतं. मालक मात्र दाराकडे बघायला लागतो.

मालकांशी डॉक्टर फारसं बोलत नाहीत. कोणी "काल गच्चीवरून उडी मारली, तवापासून लंगडायलंय" असं सुरू केलं, की हात वर करतात. "तुम्ही जरा सबुरी करा. त्याला सांगू द्या." एकदा एका काकांनी सुचवलं, मशीन चालूच आहे तर माझा गुडघा बी बघून टाका. डॉक्टरांनी त्यांना मागून-पुढून न्याहाळलं.

"शेपूट हाय का?"

"न्हाई."

"मग न्हाई जमत."

माझी कुत्री बिजली, कारवानी या शिकारी जातीची. हडकुळी, लांब पायांची, सशामागे लागली की हाक ऐकत नाही. अशीच पळताना तिचा मागचा पाय तारेच्या कुंपणात अडकला आणि त्यानंतर ती माणसासारखी टाच टेकवून चालू लागली. मी तिला उचलून डॉक्टरांकडे नेलं.

स्वतःची टाच दाखवून झाल्यावर त्यांनी बिजलीचा चांगला पाय तपासला. पडद्यावर पांढऱ्या रेघा एकमेकींना चिकटून गेलेल्या. "हा नीट वळलेला कासरा," ते म्हणाले. मग दुखरा पाय. तिथे रेघांच्या मधेच काळा डाग होता.

"टाचेवरची शीर हाय ही. तुटली न्हाई, पण उसवलीय. पाय बांधून ठेवू. पळणं बंद, जिना बंद, उडी बंद."

"डॉक्टर, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. आणि ही दिवाणावर उडी मारल्याशिवाय झोपत नाही."

ते बिजलीकडेच बघत राहिले. "मग माझ्याकडं राहू द्या सर. मागं घर हाय. आमची मंडळी वारली तवापासून मी एकटाच असतो."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेलो, तर त्यांची लोखंडी कॉट अंगणात भिंतीला टेकवून उभी. आत फरशीवर गादी. गादीच्या मधोमध बिजली, कडेला डॉक्टर.

"कॉट दिसली की उडी मारंल. म्हणून भाईरच काढली," असं म्हणत ते भिंतीला धरून, गुडघे दाबत उठले आणि चहा टाकला.

मग मी रोजच जाऊ लागलो. चहा व्हायचा. डॉक्टर बिजलीशी बोलायचे, मी ऐकायचो.

काही आठवड्यांनी पट्टी निघाली. पुन्हा मशीन लागलं. दोन्ही पायांची चित्रं त्यांनी पडद्यावर शेजारी शेजारी आणली. काळा डाग भरून आला होता. मला तरी दोन्हींत फरक दिसेना. डॉक्टर मात्र दांडा पुन्हा पुन्हा त्याच जागेवरून फिरवत राहिले.

"अजून जरा कच्चं वाटायलंय सर," शेवटी ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "आठेक दिवस राहू द्या. तुम्ही येत जा की, रोजच्यासारखं."

तिला न्यायला म्हणून आणलेला पट्टा मी परत पिशवीत ठेवला.

"राहू द्या," म्हटलं. "घाई काय आहे?"